शंभरातली एक

शंभरातली एक तबकडी माझ्या वाट्याला.
बाकीच्या नव्याण्णव न ऐकताच खोक्यात जात,
विश्वासावर,
जशी मी आले होते स्लाउला.

काळा गोळा साच्यात ठेवायचा, वाफ, दाब, मग गार पाणी.
कडा छाटल्या की थेट थालीपीठ,
मधलं भोकसुद्धा तसंच.
हे मॉरीनला सांगायला गेले
आणि थालीपीठ समजावण्यातच चहाची सुट्टी संपली.

काचेची खोली. खुर्ची, हेडफोन, एक तक्ता:
खरखर. टिकटिक. वाक. भोक मध्यावर नाही.
खूण करायची, सही करायची, ऐकलेलं विसरायचं.
नाताळची गाणी, खाणकामगारांचा बँड,
एकदा तर नुसते पक्षी,
दोन्ही बाजूंना पक्षी.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत आले ते, द वेट मॅचेस.
न्यूरीची चार पोरं, पहिलीच तबकडी,
बाराशे प्रती, पैसे आगाऊ, बरेचसे नाण्यांत.
वेष्टनावर भिजलेली काड्यांची पेटी
आणि नावं हातानं लिहिलेली, एक खोडून पुन्हा.

मॉरीननं खोकी बांधायला नकार दिला.
तिचा भाचा बेलफास्टला होता, गणवेशात.
"आधी ऐक तरी," असं मी म्हटलं नाही.
दुसऱ्यांच्या भांडणात पडायचं नाही
म्हणून कानाला खडा लावला होता,
त्याच कानाला, ज्याच्यावर माझं पोट.

बाराशेत बारा. बारा वेळा ऐकलं मी.
गाणी दीड-दीड मिनिटाची,
फडताळ कोसळावं तशी सुरुवात,
शेवट तर नाहीच, नुसतं थांबणं.
इंग्रजी म्हणावं तर इंग्रजी,
पण माझ्यासारखीच शेजारून उसनी आणलेली
आणि परत न करायच्या बोलीनं वापरलेली.

दुसरी बाजू, तिसरं गाणं.
मधेच गिटारी गायब.
ड्रम आणि त्या पोराचा उघडा आवाज,
अकरा सेकंद.
मग धाडकन सगळं परत.
तक्त्यात याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं: वाद्यं जातात. गाणं जात नाही.
प्रॉसरसाहेबांनी चष्मा वर केला.
"मूळ टेपमध्येच असेल. पास कर."

गुरुवारी संध्याकाळी त्यांची व्हॅन फाटकाशी.
वाहतुकीचे पैसे वाचवायला स्वतःच आलेले, ओझी वाहायला.
बेस वाजवणारी ब्रोना, बोटांना चिकटपट्ट्या,
मी दोरी बांधत होते म्हणून माझ्याशी बोलली.
मी विचारलं त्या अकरा सेकंदांचं.

ती हसली ते खोकल्यापर्यंत.
"किलबर्नचं तळघर. भिंतीवर मीटर,
पन्नास पेन्स टाकले तर वीज.
टेपचं यंत्र वरच्या मजल्याच्या तारेवर, ते चालू.
नाणं संपलं. काळोख.
लॉर्कन बडवत राहिला, फिंटन गात राहिला,
आणि मी रांगत रांगत सगळ्यांच्या कोटांचे खिसे."

"मग पुन्हा का नाही गायलात?"

"सापडलं ते शेवटचं नाणं होतं."

मॉरीन पाठ करून उभी होती.
व्हॅन हलली तेव्हा म्हणाली, "केवढीशी पोरं."
एवढंच. दुसऱ्या दिवशी तेही नाही.

भोक मध्यावर नसलेली एक प्रत मी घरी आणली.
घरी ऐकायला यंत्र नव्हतं. कपाटावर ठेवली.

त्या आठवड्यात कधीतरी, भात उतरवताना,
आमच्या खोलीतलाही मीटर संपला.
मी डाव हातात धरून तशीच उभी.
नऊ. दहा. अकरा.
बारा. तेरा.
खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली.

"नाणं नाही का गं?" पलंगावरून आवाज आला.

"आहे," मी म्हटलं.
"थांब जरा."