सर्वानुमते

मिशी खोटी होती, गोंद खरा.
दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत
ओठावर चुरचुरत राहिला.

जत्रेची दुसरी रात्र. मतलई सुटलेला,
पडदा समुद्राच्या अंगाला फुगत होता.
भोगटे सरांनी लिहिलेलं नाटक:
एक देश, नाव नसलेला,
एक हुकूमशहा, नाव नसलेला,
तो मी.
छातीवर पदकं: सोड्याच्या बाटल्यांची बुचं,
सोनेरी रंगात बुडवून काढलेली.
दिवसा मी ग्रामपंचायतीत क्लार्क.

पहिल्या अंकात लोक नको तिथे हसले.
फाशीचा दोर होडीवरून आणलेला,
त्याला बांगड्याचा वास, पुढच्या रांगांपर्यंत.
क्रांतिकारक फाटक्या सदऱ्यात गरजला,
तर त्याची आई मागून ओरडली,
"थंडी बाधात रे, आत गंजी तरी घाल."
सरपंच मांडीवर सत्काराचा नारळ घेऊन,
टाळी कुठे द्यायची ते शेजाऱ्याच्या हातांवरून ठरवत होते.
साध्या कपड्यातला हवालदार खाजं खात होता.
'जनता' हा शब्द आला
की चावायचा थांबत होता.

दुसरा अंक. मी खुर्चीवर.
माझी ओळ: "या निर्णयाला कुणाचा विरोध आहे?"
पुढे संहितेत कंसात एकच शब्द,
शांतता.
तालमीत आम्ही ती मोजून बसवलेली. पाच आकडे, मग पडदा.

एक.
दोन.
तिसऱ्याला कळलं, ही शांतता माझ्या ओळखीची आहे.
भादव्यात, जेटीच्या ठरावाला, हीच होती.
हीच माणसं, हाच प्रश्न,
वाचणारा आवाजही हाच.
तेव्हा मी पाचपर्यंत मोजलंसुद्धा नव्हतं.
लिहून मोकळा झालो होतो,
सर्वानुमते मंजूर.

चार.

"माझो आसा."

मागे, बायकांत, शेवंताबाई कोयंडे उभी.
मूठबीठ काही वळलेली नाही,
खांद्यावर झोपलेला नातू.
"बस गो, नाटक आसा ता."
"आसांदे नाटक. इचारल्यान मा त्येना?"

विंगेत विलासने पान उलटलं,
परत मागे उलटलं.
आमच्याकडे माणसांना सवय दशावताराची.
तिथे राजाला कुणी लिहून देत नाही,
विचारलं की राजा उभ्या जागी बोलतो,
संकासुरसुद्धा बोलतो.
"राजा, उत्तर दी रे!" अंधारातून कुणीतरी.
मग आणखी कुणी, नुसतंच, "दी रे."

मी तोंड उघडलं, मिशी एका बाजूने सुटली.
तरीही कुणी हसलं नाही.
बुचं वाजत होती छातीवर.
पडद्याच्या पोराने घाबरून दोरी सोडली.

तिसरा अंक केला आम्ही. क्रांती वेळेवर झाली,
मी मेलो, टाळ्या पडल्या,
जेवणं उरकावीत तशा.

सकाळी ती कार्यालयात आली, रहिवासी दाखल्याला.
शिक्का दोनदा मारावा लागला,
पहिला उलटा पडला.
वीस रुपये टेबलावर ठेवून
माझ्या ओठाकडे बघत म्हणाली,
"खोबरेल लाव. जाता."
मग उंबऱ्यावरून वळून,
"आणि तो माझो विरोध, लिवलंस काय रे खय?"

मी म्हटलं, शेवंताबाय, ते नाटक होतं.

ती गेली नाही.
ठरावांची वही समोरच होती,
मिटलेली,
तिच्यावर माझा जेवणाचा डबा.