पाच मैल

हनोख शिंगे मास्तरांनी वही बांधायला आणली
तेव्हा माझ्या हातांना खळ होती,
म्हणून त्यांनीच ती उघडून धरली माझ्यासमोर,
लहान पोराचा घसा डॉक्टरला दाखवावा तशी.

चारशे बारा पानं. शाळेच्या रेघी वह्या, एकावर एक.
वर तांबड्या शाईत ‘प्रवचने व पत्रे’,
खाली नावाची जागा कोरी.
‘मूळ पुस्तकाची पहिली आठ पानं वाळवीनं खाल्ली,’ मास्तर म्हणाले.
‘इंग्रज होता. पाळक होता.
एवढ्यावर मी अकरा वर्षं काढली.’

मी कॅम्पातला बाइंडर. पुस्तकं वाचत नाही, शिवतो.
पण सुई घडीतून निघते तिथं एखादी ओळ दिसतेच,
तसा तो मला कळला, घडीघडीनं.

सोळाशे बासष्ट साल.
सरकारनं छापलेल्या प्रार्थनेखाली
मान्य आहे, असं लिहून दे म्हणाले.
त्यानं दिलं नाही.
ऑगस्टातल्या एका रविवारी देवळाबाहेर पडला
बायको, पाच पोरं, एक गाय
आणि घड्याळ घेऊन, जे वाटेत बंद पडलं.
पुढं कायदा आला:
जुन्या गावाच्या पाच मैलांत पाऊल टाकायचं नाही.

तो पाच मैल आणि वर एक शेत
एवढ्या अंतरावर राहिला आणि लिहीत राहिला.
पत्रांत देव कमीच.
कांदे सडले. दमा वाढला.
धाकटीला आता आपली गल्ली आठवत नाही.
टेकाडावर चढलं की मनोरा दिसतो,
घंटा मात्र वारा असेल तरच.

दोरा ओढता ओढता मी हिशेब केला:
आमच्याकडं पाच मैल म्हणजे
हिंडलगा मागे टाकून सुळग्याच्या आसपास कुठंतरी.
तेवढंच आणखी गेलं की शिनोळी,
तिथं पाट्यांवरची अक्षरं बदलतात.
ऊस बदलत नाही.

पानापानांवर इंचभर मोकळ्या जागा.
मला वाटलं शाई संपली.
‘शब्द सापडला नाही,’ मास्तर म्हणाले,
‘ह्या लोकांना काय म्हणायचं त्याचा.
बंडखोर म्हणावं, तर तलवार नाही उचलली.
पाखंडी ही दुसऱ्यांनी दिलेली शिवी.
असहमत लिहिलं होतं, खोडलं.
सभेत हात वर केल्यासारखं वाटतं,
आणि ह्याचं तर घर गेलं.’

तेवढ्यात मार्थव्वा आल्या, त्यांना न्यायला.
माहेर बैलहोंगल. चाळीस वर्षं
हे मराठीत बोलतात, त्या कन्नडात उत्तर देतात,
आणि भांडण मध्ये कुठं अडत नाही.
मेथीची जुडी काउंटरवर ठेवून त्यांनी विचारलं,
हे पांढरं पांढरं काय?
मास्तरांनी सांगितलं, सगळं, अगदी गाईसकट.

मार्थव्वा मेथीची पिवळी पानं काढत राहिल्या.
मग म्हणाल्या,
‘ओप्पंगिल्ल अंदवरु.’
पटणार नाही म्हणालेले.
झालं.

मास्तर स्टुलावर बसले.
‘रोज दहा वेळा ऐकतो की हा शब्द,’ म्हणाले,
‘चहात साखर मागितली की.’

वही चार दिवस परत नेली त्यांनी.
आली तेव्हा एकही जागा मोकळी नव्हती.
ओप्पंगिल्ल, ओप्पंगिल्ल,
देवनागरीत, मराठी वाक्याच्या मधोमध,
शाई थोडी वेगळी,
दुसऱ्या गावची सून पंगतीत बसावी तसा.

मी काळं कापड लावलं. कण्यावर सोनेरी अक्षरं.
पानांच्या कडा कापताना एका पत्राची शेवटची ओळ
अर्धी गेली. माझी चूक.
मास्तरांना अजून सांगितलेलं नाही.

आणि परवा एक माणूस दुकानात आला, हातात कागद.
पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
केवढी मोठी, सगळं त्यात छापलेलं.
इथं सही, म्हणाला.
माणूस चांगला होता, घामेजलेला, पाणी प्यायला.

हातांना खळ आहे, मी म्हणालो.
उद्या येतो, तो म्हणाला.

हात कोरडे होते.