कान

पडद्यावर ऱ्होड्सचं बंदर होतं, तेवढ्यात लाईट गेली.
तासगावच्या वाचनालयात तेवीस माणसं,
निम्मी बेदाण्याच्या शेडवरून थेट आलेली,
हातांना अजून गंधकाचा वास.

माझ्यापाशी उरला एका रांजणाचा कान,
संग्रहालयातून सही करून आणलेला.
यातून द्राक्षाची दारू जायची समुद्रापार, म्हणालो.
मागं कुणीतरी खाकरलं.

तुकडा अंधारात हातोहात फिरला,
शेवंताबाई कुंभारांपाशी अडला.
त्यांनी बुडाशी अंगठा लावला,
सरकवला,
खळग्यात बसला तसा थांबवला.
"डावरा होता," म्हणाल्या,
"आन् घाईत. वल्लाच लावलाय कान."

प्रबंधात शिक्क्यावर माझी चाळीस पानं आहेत.
अंगठ्यावर
ओळ नाही.

लाईट आली.
तुकडा चौथ्या रांगेत होता,
पडद्याकडे कुणी बघेना.