भाकड

थर्मास हातात देताना मुनाफ आधी घड्याळ बघतो.
"शिळफाट्याला कंटेनर आडवा झालेला, मॅडम.
दोन तास चाळीस."
चार तासांच्या आत असेल तर मी सही करते.
झाकण फिरवलं की कोमट मीठपाण्याचा वास,
आणि त्यामागे, नाक दिलं तर, गोठा.
आत अकरा अंडाशयं, ओल्या सुपारीएवढी.

भिवंडीच्या कत्तलखान्याची पावती
एका शब्दात आटपते: भाकड.
वेतं किती झाली,
माज मुका होता की मालक झोपला होता,
हे लिहायला त्या कागदावर जागा नाही.

पात्याने मी वरची साल काढते,
सुयांनी उसवत जाते.
भिंगाखाली पुटिका,
साबुदाण्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या,
एकेक बीजांड कुशीत धरून बसलेल्या.
म्हैस स्वतः आईच्या पोटात होती
तेव्हापासून बसलेल्या.
हजारोंतून पाच-सातांचा नंबर लागला, त्यांची पारडी झाली.
बाकीच्यांना कुणी हाकच मारली नाही.

आई घणसोलीत ओट्यावर बोंबील साफ करता करता विचारते,
"भाकर म्हस ना गो ती?
मंग काय रायलाय तिचे पोटान?"

मी सांगत नाही.
सांगायचं तर चांदरीपर्यंत जावं लागेल.
आमच्या दारातली शेवटची म्हैस. मी सातवीत होते.
दोन वर्षं राहिली नाही, म्हणून टेम्पो आला.
जनावर विकलं तरी दावं घरात ठेवायचं असतं,
म्हणून बाबांनी तिच्या गळ्यातून ते सोडवलं,
आणि गाठ सुटेना, तर टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला.

शेवाळाच्या चिकाचा एक थेंब, त्यात एक पुटिका.
थेंब धरतो खरवसासारखा:
हलतो, सांडत नाही.
पेटीत साडेअडतीस अंश,
म्हशीच्या अंगाची ऊब, आकड्यात लिहिलेली.
दिवसाआड माध्यम बदलायचं, तेही अर्धंच.
सगळं नवं त्यांना सोसत नाही.

शुक्रवारी महापेची वीज जाते, जनरेटर खोकत उठतो.
पारसिकच्या खाणीत सुरुंग उडाला
की बशीतलं पाणी शहारतं,
आणि मी उगाच पेटीवर हात ठेवते,
जसं तिला कळणार आहे.
आठव्या दिवशी एकोणचाळीस आणि चाळीसला बुरशी.
"फेका," डॉ. इंदुलकर म्हणतात.
जरा थांबून: "मोजून फेका."

एक्केचाळीस-ख वाढत राहिली.
दीडशे मायक्रॉन. एकशे नव्वद. दोनशे साठ.
तेराव्या दिवशी मध्ये एक फट दिसली, काळसर,
पाणी साठू लागल्याची.
अंगातली पुटिका पिकू लागते तेव्हा अशीच पोकळी धरते.
इथे अंग नव्हतं.
अंग तर भिवंडीत किलोने गेलं होतं.

पारडू नाही हे. पारडू अजून फार लांब,
मधल्या प्रत्येक पायरीवर आम्ही आजवर पडलोय,
आणि इंदुलकर सर कुठल्याच बशीला नाव देऊ देत नाहीत.
मी दिलेलं नाही.
वहीत स्रोताचा रकाना असतो,
त्यात पावतीवरचा शब्द जसाच्या तसा उतरवायचा.
उतरवला.

रात्री आईला मोबाइलवर फोटो दाखवला.
ओले हात पदराला पुसून
तिने तो लांब धरला, मग जवळ, मग पुन्हा लांब.
"डोला हाय ह्यो कुनाचा?"
मी म्हटलं, अकरातल्या कुणाचा तरी.

ती काही बोलली नाही.
मागच्या दारी कपडे काढायला गेली.
दावं तिथेच असतं, दोन खांबांच्या मध्ये ताणलेलं,
वीस वर्षं आमची लुगडी-पातळं पेलत.
सगळे कपडे काढून झाले,
तरी ती बराच वेळ आत आली नाही.
बाहेर बघितलं, तर रिकाम्या दाव्याची
सैल पडलेली गाठ
दातांनी ओढून घट्ट करत होती.