नव्वद मीटर

मुबीन, खोका उचलण्याआधी वेष्टण वाच.
माणसाची जात विचारू नये, तारेची विचारावी.
दर मीटरला छापलेली असते ती,
मला चष्मा लागतो, तुला अजून लागत नाही.

पाच-ई म्हणजे टेलिफोन, हजेरीचं यंत्र,
आणि गेटवरचा खल्फान, जो दिवसभर
एकच नोंदवही उघडून बसतो. त्याला पुरते.
सहा कचेऱ्यांसाठी. कापून बघ,
आत प्लास्टिकची फुली, चार जोड्या, चार खोल्या.
आपल्या कॅम्पात एका खोलीत आठ जण.
सहा-ए जाड आणि हट्टी,
कोपऱ्यात दुमडलीस तर कायमची रुसते;
दवाखान्यात एक्स-रेची चित्रं तीच वाहते,
छतातल्या कॅमेऱ्याला वीजही तीच पाजते.
सात मी चौदा वर्षांत दोनदा ओढली.
आठ फक्त पाहिली, काचेमागे, थंड खोलीत,
तीस मीटरच्या पलीकडे तिला कुणी नेत नाही.

भट्टीच्या बाजूला काम निघालं
तर पन्नीवालीच घे. आणि पन्नी जमिनीला जोड.
न जोडलेली पन्नी ढाल नसते,
एरियल असते. सोहारभरचा गोंगाट गोळा करते.

सोलताना जपून.
अर्ध्या पेराएवढाच पीळ सोडव, जास्त नको.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात,
इथे उलट आहे:
सुंभ शाबूत, पीळ गेला, की संपलं.
चौघींचा पीळही वेगवेगळा, मोजून बघ.
सारखा असता तर
एकीचं बोलणं दुसरीच्या पोटात शिरलं असतं.

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
झुलेखा म्हणते, सुट्टीत हर्णैला आलो
की झोपेत हेच पुटपुटतो.
हिरवी जोडी नीट बघ.
एकीची जागा तीन, दुसरीची सहा,
मधे निळे दोघे ठाण मांडून.
पण वेष्टणात शिरल्या की पुन्हा गळ्यात गळा.
तुला वाटेल, शेजारी-शेजारीच लावू, सोपं पडेल.
मीही लावल्या होत्या पहिल्या वर्षी.
दोन्ही टोकांना तशाच लावल्यास
साध्या टेस्टरचे आठही दिवे हिरवे लागतात.
बोलणं मात्र पोचत नाही.

मागच्या रमजानात वीस खोके आले,
बाहेर सहा लिहिलेलं, उचलायला हलके, फार हलके.
ब्लेडने तार खरवडली.
तांब्याच्या आत पांढरं.
जिथे ॲल्युमिनियम वितळतं त्या गावात
ॲल्युमिनियमच तांब्याचा अंगरखा घालून आलेलं.
वर्गीस फोरमन म्हणाला, ओढ रे, दिवे तर लागतील,
छत बंद झालं की कोण बघतो.
मी खोके परत व्हॅनमध्ये चढवले.
दोन दिवसांचा पगार गेला.
बहादुरी नव्हती ती. नखाखाली पांढरं दिसलं
आणि हातच चालेना.

कॅम्पात कपाटामागून जी तार येते
ती नुसती पाच, ई-सुद्धा नाही.
खिळ्यांनी ठोकलेली, दाराखाली चेपलेली.
रात्री झुलेखाचा चेहरा चौकोनांत तुटतो,
ओठ आधी हलतात, वाक्य मागून येतं, कधी येतच नाही.
बदलता येईल. तुकडे उरलेले असतात.
दर शुक्रवारी ठरवतो.

चल, शिडी धर.
छतात नव्वद मीटर, त्याहून वाढवू नकोस.
उरलेले दहा टोकाला बसणाऱ्यांचे.
आणि प्रत्येक टोकाशी एक वेटोळं सैल सोड,
कुणीतरी येईल, त्याला पुन्हा कापावं लागेल.
नाव नको लिहूस त्यावर.
तारीख लिही.