सुपारी

अंबडच्या मैदानावर नाच ठरला तेव्हा
वर्गणीतून उरले होते सहा हजार चारशे.
मंडप वेगळा. पाण्याचा टँकर कुवरांनी फुकट दिला,
बदल्यात फलकावर नाव.
खजिनदार मी, कारण माझं अक्षर बरं आहे
आणि कंपनीत गेटपास मीच लिहितो.

मागच्या वर्षी डीजेवाल्यानं चौदा हजार घेतले,
दहाला बंद केला, पैसे मात्र पूर्ण.
कुणी हूं की चूं केलं नाही.
मशीनशी घासाघीस कोण करतं?

पावरीवाला ठरवायला सकाळच्या एस्टीनं
उंबरठाणला उतरलो, पुढं तीन किलोमीटर पायी.
देवचंद भोये अंगणात
पावरीच्या भोपळ्याला मेण लावत बसलेला.
मी सुपारी काढली, खाली पाचशेची नोट.
त्यानं सुपारी उचलली. नोट राहिली तिथंच,
कोंबडी येऊन एकदा बघून गेली.

"किती वाजेपर्यंत?"
दहा. परवानगीच तेवढी.
"दहाला तर भोपळा गरम होतो," तो म्हणाला.

मग दर. मी दोन हजार म्हणालो.
तो बोलेना. आतून बायको बोलली, जमनी:
"गवंड्याकडचे दोन खाडे, जायचं-यायचं भाडं,
आन तिसऱ्या दिसापर्यंत याचे गाल ठणकतात,
भाकर चावत नाही.
गालांचं काय धरलं?"
मी वहीत लिहिलं: गाल.
मग खोडलं. तीन हजारांवर जमलं.

"आणि माहादूचं?"
माहादू कोण?
"हाळी देतो."
हाळी तर आमचा एखादा पोरगा माइकवरून देईल, मी म्हणालो.
देवचंदनं मेणाचा गोळा खाली ठेवला.
"वाजवताना माझा श्वास तुटून चालत नाही.
मी कुणाकडं बघू?
कुणाचे पाय भरून आले, कोणती पोर नवी,
कुठं दोघांनी रुसून हात सोडले,
ते तो बघतो. बघतो, आन हाळी बदलतो.
मी त्याच्या पाठीकडं बघून वाजवतो."

हजार रुपये. तपशिलात काय लिहू, सुचलं नाही.

नाचाला दुसऱ्या पाळीचे लोक कंपनीच्या बुटांतच आले.
इथंच जन्मलेल्या पोरांना पाऊल माहीत नव्हतं.
माहादू गावित, किडकिडीत, हातात घुंगरांची काठी,
वर्तुळाच्या आत उलटा चालत ओरडला:
"नदी आली!" सगळे गुडघ्यात वाकले.
"नदी उतरली!"
"सासू आली!" तेव्हा तर
आमच्या सुपरवायझरची बायकोसुद्धा फिरली गर्रकन.

दहाला हवालदार आला, कडेला उभा राहिला,
मनगट फिरवून घड्याळ पाहिलं.
देवचंदनं पावरी तोंडापासून काढली.
माहादूनं काठीचे घुंगरू मुठीत दाबून धरले
आणि काठी नुसती जमिनीला टेकवत गेला,
इथं, इथं, आता इथं.
दीडशे माणसं बिनआवाजी फिरत राहिली.
फक्त मातीवर पाय.
हवालदारानं पुन्हा घड्याळ पाहिलं नाही.

पहाटे सीबीएसच्या टपरीवर पाकिटं दिली.
देवचंदनं अंगठा दिला, पावतीवर आणि चुकून वहीच्या पुठ्ठ्यावरही.
माहादूनं नोटा दोनदा मोजल्या,
दोनशे काढून माझ्यापुढं धरले.
"दहानंतर मी ओरडलो नाय."
मी म्हणालो, अरे, खरी हाळी तर तीच होती.
"ती तुम्ही कुठं ठरवली होती?"
आणि जागा पकडायला गाडीत चढला.

वही उघडी. जमेत लिहू की खर्चात?
ऑडिटवाले विचारतील:
न दिलेल्या हाळीचे परत आलेले दोनशे, म्हणजे नेमकं काय?
देवचंद बशीतला चहा फुंकत होता, पिता येत नव्हता,
दोन्ही जबडे तळहातांनी धरून बसलेला.

दोनशे त्याच्या खिशात सरकवले.
वहीत लिहिलं: गाल.
या वेळी खोडलं नाही.
सुरगाण्याची गाडी सुटली, तिच्या मागच्या काचेत
भोपळा दिसत राहिला सिग्नलपर्यंत.
बशी तशीच भरलेली. चहाचे पैसे मी दिले,
ते वहीत नाहीत.