हप्ता कोणाच्या पदरचा

फेब्रुवारीतले शनिवार. ईरी गावात, चर्चच्या तळघरात
आम्ही लोकांचे टॅक्स फुकट भरून देतो.
घडीची टेबलं, कॉफीचं पिंप,
आणि छताला टेकलेल्या खिडकीतून दिसणारे
नुसतेच बूट, बर्फ तुडवत जाणारे.

वॉल्टर शिमचाक. वय एकोणसाठ.
प्लॅस्टिकच्या कारखान्यात तेवीस वर्षं साच्यावर.
"अपघात नाही," त्याने आधीच सांगून टाकलं.
"बूट घालायला वाकलो एका सकाळी
आणि उजवी बाजू माझ्याबरोबर उठलीच नाही."

विम्याचे महिन्याला अठराशे चाळीस डॉलर.
"आजारपणाचे पैसे हे,
यावर कसला आलाय टॅक्स?"

मी विचारलं, हप्ता कोणाच्या पदरचा?

कायदा शरीराची चौकशी करत नाही,
किती बोटं हलतात, शर्टाची बटणं कोण लावतं.
कंपनीने हप्ता भरला, तर हा पैसा पगारच. कर द्या.
तुम्ही भरला, कर कापून उरलेल्या पगारातून,
तर दमडी देऊ नका.
निम्मानिम्मा असेल, तर निम्म्यावर.
पदरमोड तेवढी अख्खी परत येते,
आयतं आलेलं मोजलं जातं.

"पण लोरेन डूबिक? शेजारच्या यंत्रावरची?
पाठीने बसलीय घरी. तिला एक सेंट पडला नाही."
लोरेनने दुसऱ्या चौकटीत खूण केली असणार.

तो हसला. अर्ध्याच तोंडाने,
तेवढंच हसता येतं आता.
कागद आठवला होता त्याला:
कॅंटीन, डोनटचा खोका, घाईतली एक मुलगी,
कंपनी भरेल की तुम्ही? पंधरवड्याला अकरा डॉलर.
"अकरा डॉलर म्हणजे तेव्हा
टेरेसाच्या क्लॅरिनेटचं भाडं.
दोन वर्षं वाजवलं पोरीने.
फार वाईट वाजवायची."

मी पडदा त्याच्याकडे वळवला. आकडा त्याने दोनदा वाचला,
मग सही केली, डाव्या हाताने,
शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं.
उजवा हात टेबलावर होता,
हातमोजा न काढलेला.
खूण त्यानेच केली होती.

उठताना म्हणाला, पुढच्या महिन्यापासून
तिकडूनच कापून घेतील का?
घेतील. एक फॉर्म आहे.

"त्यात चौकटी किती?"